'काढा' नावाचं बटण

(दोन टेबलांची छोटी कचेरी, सकाळचे साडेदहा. वहिनी आणि त्यांचा धाकटा दीर मिळून वेबसाइटी बनवतात. फोन स्पीकरवर, पलीकडे डायलिसिस केंद्रातल्या सिस्टर.)

सिस्टर : …नावच नाही हो यादीत! आजचं नाही, पुढच्या महिन्याचंही नाही. मास्तर म्हणून कुणी पेशंटच कधी नव्हता, असं दाखवतंय तुमचं ते पान.

वहिनी : सिस्टर, सोमवारी काय केलंत? सावकाश सांगा.

सिस्टर : मास्तर लेकीकडे अडकले होते. म्हणून त्या दिवसाची वेळ रद्द केली. नावापुढचं बटण दाबलं, नेहमीसारखं.

वहिनी : 'आजपुरतं रद्द' हेच ना?

सिस्टर : नाही, 'काढा' लिहिलं होतं. मला वाटलं, तुम्हीच नाव बदललंत बटणाचं. आज मास्तर आले, तर काउंटरवरच्या नव्या बाईंनी यादी बघून सरळ परत पाठवलं. आठवडा झाला हो, मशीनवर नाहीत ते! नंबरही त्यांच्या माहितीबरोबर गेला. जुन्या वहीतला बंद लागतोय.

वहिनी : फोन ठेवू नका. भाऊजी, 'काढा' कुठून आलं?

भाऊजी : (येरझारा घालत) बघतो, बघतो.

वहिनी : येरझारा थांबवा. तुम्हालाच विचारतेय.

भाऊजी : त्यांना रक्तगटाचा रकाना हवा होता ना. शनिवारी मी तो घातला आणि फ्रेमवर्कला सांगितलं, पानं नव्यानं तयार कर. त्यानं विचारलं, फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का?

वहिनी : आणि तुम्ही?

भाऊजी : हो म्हटलं.

वहिनी : अहो, त्या फाइलीत माझं चार महिन्यांचं काम होतं! फ्रेमवर्क काय, साच्यातून पान काढून देतं. 'नवीन', 'बदला', 'काढा'. चपलांचं दुकान असो की दवाखाना, त्याला सगळं सारखंच. इथं माणूस काढायचा नसतो, त्याचा एक दिवस काढायचा असतो. ते मी हातानं लिहिलं होतं.

भाऊजी : मला काय स्वप्न पडलं होतं?

वहिनी : वाद नंतर. रविवारचा बॅकअप उघडा, वेगळ्या जागी. चालू माहितीला हात लावू नका, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

भाऊजी : उघडतोय… पासवर्ड चुकला. परत टाकतो.

सिस्टर : हॅलो? पत्ता तरी द्या, कुणाला तरी घरी पाठवते!

भाऊजी : थांबा, थांबा… सापडले मास्तर! नंबर पाठवला तुम्हाला. पत्ताही.

सिस्टर : दुसऱ्या फोनवरून लावते… वाजतोय. उचलत नाहीत.

वहिनी : परत लावा.

भाऊजी : वहिनी, एक बोलू? तुमचे बदल त्या आपोआप तयार होणाऱ्या फाइलीतच का होते? वेगळ्या फाइलीत ठेवायचे, म्हणजे ती कितीदाही तयार होवो, आपलं शाबूत राहतं. हे तुम्हीच शिकवलंत मला.

वहिनी : घाई होती. म्हटलं, तात्पुरतं इथंच लिहू, मग हलवू.

भाऊजी : म्हणजे विहिरीत मी पडलो, पण झाकण तुम्ही काढून ठेवलं होतं.

वहिनी : हो.

सिस्टर : लागला! लागला फोन! घरी गेलेच नाहीत ते, समोरच्या बसथांब्यावर आहेत. धाप लागली म्हणून बाकावर टेकले म्हणे. वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन पळालाय. तीन नंबरची मशीन मोकळी करते मी.

वहिनी : देव पावला.

सिस्टर : ताई, पण… मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. बटण मीच दाबलं ना. मी कंत्राटावर आहे हो.

वहिनी : ते बटण तिथं असायलाच नको होतं, सिस्टर.

सिस्टर : असं लिहून द्याल?

भाऊजी : वहिनी, आधी फोनवर आपला आवाज बंद करा. केला? लिहून दिलं तर हे काम गेलंच समजा. दुसरं एवढं मोठं गिऱ्हाईक आहे का आपल्याकडे?

वहिनी : नाही.

भाऊजी : मग?

वहिनी : मग शुक्रवारच्या बॅकअपमधली जुनी फाइल परत चढवा आधी. अजून कुणी ते बटण दाबायच्या आत… हं, आवाज चालू केला. सिस्टर, तासाभरात कागद घेऊन येते मी. मास्तरांनाही भेटायचंय.

सिस्टर : या. आणले बघा त्यांना. ठेवते.

भाऊजी : चढवली फाइल. 'आजपुरतं रद्द' दिसतंय. मास्तरांचं नावही बॅकअपमधून परत यादीत घातलं.

वहिनी : दोनदा तपासा.

भाऊजी : तपासलं. डॉक्टरांना द्यायचं पत्रही लिहायला घेतलंय. वहिनी… चूक 'माझ्याकडून' झाली लिहू की 'आमच्याकडून'?