हिलालभाऊंचा रिपोर्ट

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "नवल, रिपोर्टचं काय करून ठेवलंस?" अहो, करून काय ठेवलं? सुधारला! पण तुम्ही मला सांगा, कोणी सांगितलं होतं सुधारायला?

तुम्हाला सांगतो, नंदुरबारला आमची मिरची पावडरची फॅक्टरी. मागं पथारीवर मिरची वाळतेय, पुढं ऑफिसात सगळे शिंकतायत, आणि कोपऱ्यात आमचा मेल सर्व्हर, तोही मधूनच शिंकल्यासारखा आवाज करतो. कोणाचा मेल आला, कोणाचा गेला, कोणाचा अडकला, सगळं हा सर्व्हर टिपत बसतो. त्याला लॉग म्हणतात. एवढं जंजाळ वाचणार कोण? म्हणून माझ्या आधी त्या खुर्चीवर असलेल्या हिलालभाऊंनी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहून ठेवलेली. ती आपोआप लॉग चाळायची आणि सकाळी चार ओळींचा रिपोर्ट सगळ्यांना पाठवायची. आणि भाषा कोणती? मिरची मार्केटची! "राम राम मंडळी. काल आवक चांगली व्हयनी. पांढरी मिरची निवडीसन फेकी दिनी." पांढरी मिरची म्हणजे फालतू जाहिरातींचे मेल, बरं का! "परत माल: अक्कलकुवाना चंदनभाऊनी चिठ्ठी परत उनी. त्यासनी पेटी भरेल शे, फोन करा रे." चंदनभाऊ म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, आणि पेटी म्हणजे त्याचा मेलबॉक्स!

अकाउंटवाल्या चेतनाताई चहाच्या वेळी हे मोठ्यानं वाचायच्या. पॅकिंगच्या जसोदाबाई पदराला हात पुसत यायच्या, "परत भरी का पेटी? त्या मानूस काहीच काढस नही!" हशा! आणि हिलालभाऊ बशीत चहा ओतून असे ऐकायचे, जसं काही हे दुसऱ्याच कोणी लिहिलंय... काय दिवस होते हो! मग ते रिटायर झाले, मुलाकडं सुरतला गेले, पण रिपोर्ट येतच राहिला. सकाळ झाली की हिलालभाऊंचं राम राम! माणूस गेलाय असं वाटायचंच नाही.

तेवढ्यात मालकांचे चिरंजीव भाग्येशशेठ पुण्याहून शिकून आले. "नवल, व्हॉट इज धिस पांढरी मिरची? प्रोफेशनल कर ना! ग्राफ टाक, टक्केवारी टाक!" आणि मी, शहाणा! राम राम काढला, आवक काढली, रंगीत गोल टाकला, आणि साफसफाईच्या भरात रिपोर्टच्या यादीतून नोकरी सोडून गेलेल्यांचे मेलचे पत्तेही उडवले. कोणी सांगितलं होतं एवढं सुधारायला?

चेतनाताईंनी चष्मा लावला. "डिलिव्हरी अठ्ठ्याण्णव टक्के..." मग कागद उलटून बघितला. "नवल, पुढं काय वाचू?" पुढं होतंच काय? गोल! जसोदाबाईंनी तो गोल खालून वर, वरून खाली बघितला आणि गेल्या पॅकिंगला. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपला कप घेऊन आपल्या टेबलाशी. चंदनभाऊची पेटी पुन्हा भरली, त्याच्या मालाची चिठ्ठी परत आली, पण तो बिचारा उरलेल्या दोन टक्क्यांत बसलेला, त्याला फोन करणार कोण? आला टेम्पो घेऊन अक्कलकुव्याहून, "मन्ही मिरची कुठे शे?" आणि मी त्याला गोल दाखवतोय!

खरं सांगू? मला त्या शांततेत चहा जाईना. आणि तेवढ्यात सुरतहून फोन.

"नवल, मी मरी गऊ का रे?"

"अहो भाऊ, काय बोलताय!"

"मंग मन्हा रिपोर्ट काबर बंद करा? आठे सकायले पोऱ्या ड्युटीवर जास, सून ड्युटीवर जास. मी चहा लिसन बसस, रिपोर्ट वाचस, मंग वाटस तुमनामाच बसेल शे..."

अहो, मी पत्ता म्हणून उडवला, तो माणूस तिकडं रोज आमच्याबरोबर चहाला बसत होता! ग्राफ गेला खड्ड्यात. जुनी स्क्रिप्ट परत बसवली, राम रामसकट, आणि भाऊंचा पत्ता सगळ्यात वर. सकाळी चेतनाताईंनी "राम राम मंडळी" म्हटलं आणि जसोदाबाई धावत आल्या हो, हातातली पिशवी तशीच घेऊन!

लगेच सुरतहून फोन. "आते बेस शे. फक्त एक सुधारणा कर." म्हटलं, भाऊ, तुम्हीपण? "चहाले कोण कोण उनं, तेबी छापत जाय."

मेल सर्व्हरचा रिपोर्ट! त्यात आता रोज शेवटी छापतो, "चहानी आवक: चेतनाताई, जसोदाबाई, नवल. परत माल: कोनी नही."

आणि आज भाग्येशशेठ तो कागद हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभे. म्हटलं, संपलं, गेली नोकरी. "नवल, हे काय आहे?" मी घाईघाईनं ग्राफची फाईल शोधायला लागलो. "काल चहाला मीपण होतो ना? माझं नाव कुठंय?"

...बसलोय परत. सुधारायला!