संघर्षच्या वर्गात बसून या

— नाय हो, उलट बरं झालं आजच आलात. उद्या रविवारी चार माणसं घेऊन आला असता, तर मी नुसती पोह्यांच्या मागं धावले असते, बोलणं झालंच नसतं. बसा, भाऊ, तिकडं नको, त्या खुर्चीचा पाय हलतो — इकडं बसा. संघर्षचे वडील कांद्याच्या खळ्यावर गेलेत, दुपारी येतील. आणि संघर्ष… आज शनिवार ना, सकाळची शाळा, तो शाळेत हाय. नाय नाय, मास्तर नाय तो! बायोडाटात लिहिलंय तेच खरं, अंबडला कंपनीत हाय, लोखंड कापायच्या सीएनसी मशीनवर. पण सकाळी शाळेत शिकवतो, दुपारी कंपनीत जातो. आता हे बायोडाटात कुठं लिहायचं सांगा? तिथं रंग, उंची, शिक्षण — शिक्षणाचं काय, दहावी लिहिलंय ना, ते बरोबर हाय. दहावी झाला तो. गेल्या वर्षी.

हां… म्हणजे, आधी बसला होता की. तव्हा गणित राहिलं. एकदा राहिलं, मंग ऑक्टोबरला राहिलं, मंग परत — असं दोन… तीनदा राहिलं. घ्या, चहा निवतोय. बाकीचे विषय पास हां, मराठीत तर शाळेत पहिला! नुसतं गणित. मंग म्हणाला, आई, आता पुरे, आणि अंबडला हेल्पर म्हणून लागला. झाडू मारता मारता मशीन शिकला, भाऊ. आता ड्रॉइंग वाचतो, केसाएवढा फरक हातात पकडतो. त्याचा कंपनीतला साहेब म्हणतो—नाय, साहेबाचं नंतर सांगते.

तर काय झालं, दोन वर्षांपूर्वी आमच्या हायस्कूलचे गणिताचे सर बदलून गेले, आणि त्यांच्या जागी कुणी येईचना. जून गेला, जुलै गेला. आपली जिल्हा परिषदेची छोटी शाळा, दहावीत अवघी एकोणीस पोरं. ज्यांना जमलं त्यांनी पोरं पिंपळगावला घालायची तयारी केली. पण पोरींना रोज एसटीनं कोण पाठवतं? आमच्या शेजारची हर्षाली, तिच्या बापानं सांगूनच टाकलं — शिकवायला मास्तर नाय तर शाळेत काय करायचं, द्राक्षाच्या पॅकहाऊसला जा. पोरगी पुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर आली, रडून डोळे लाल. संघर्षला म्हणाली, दादा, हे साइन न् कॉस काय असतं, एवढंच सांग.

मी भाजीला मुळे घेऊन बसलेली. यानं माझ्या हातातला मुळा घेतला, सुरीनं तिरका तासला आणि म्हणतो, हे बघ, आम्ही मशीनवर रोज हेच काढतो, ही बाजू एवढी, ही एवढी, मंग हा कोन केवढा? पोरगी बघतच राहिली. मीपण बघत राहिले — अहो, ज्याला फळ्यावरचं कधी कळलं नाय, त्याच्या हातात लोखंड आलं तव्हा सगळं कळलं होतं! दुसऱ्या दिवशी पाच पोरी आल्या. तिसऱ्या दिवशी अकरा. माझे मुळे संपले.

मंग एक दिवस मुख्याध्यापक रंगनाथ सर स्वतः दारात. ऑफिसच्या कामातनं त्यांना वर्ग घेणं जमत नव्हतं. म्हणाले, संघर्ष, ओट्यावर कशाला, शाळेत ये. हा म्हणतो, सर, मी तीनदा गणितात नापास हाय. सर म्हणतात, "मला माहीत नाही का? तेव्हा गणित मीच शिकवत होतो तुला!" लय हसले दोघं. आणि हा जायला लागला. कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली — सकाळी शाळा, दुपारी मोटारसायकलवर अंबड, घरी यायला बारा वाजायचे. त्यापायी सुपरवायझर करत होते ते नाय म्हणाला. दिवसभराची ड्यूटी होती ना ती, मंग शाळा सुटली असती. साहेब म्हणाला, असला वेडा माणूस… आता हे मी तुम्हाला का सांगतेय? जाऊ द्या. सांगितलं तर सांगितलं.

सगळं सरळ नाय झालं हो. पालकसभेत गावातले बहिरू आप्पा उभे राहिले, त्यांचा नातू दहावीत, सगळ्यांसमोर म्हणाले, जो स्वतः नापास, तो आमच्या पोरांना काय पास करणार? मी मागं बायकांत बसलेली. वाटलं, धरणी फाटावी. हा शांतपणे उठला. म्हणाला, आप्पा, बरोबर हाय तुमचं. मीपण फॉर्म भरतो. पोरांबरोबर परीक्षेला बसतो. मंग बोला.

सत्तावीस वर्षांचा घोडा, भाऊ! पंधरा वर्षांच्या पोरांत! लग्नाला स्थळं बघायचे दिवस आणि हा हॉलतिकीट घेऊन… गावात काय काय बोलले ते मी ऐकलंय. म्हणून मी… आता खोटं कशाला बोलू, परीक्षेच्या दिवशी सकाळी मी त्याचं हॉलतिकीट बाजरीच्या डब्यात लपवलं. नसेल तिकीट तर बसणार नाय, चौथ्यांदा तोंडघशी पडणार नाय. आईचंच डोकं, दुसरं काय. त्यानं सगळं घर उलटंपालटं केलं, पण माझ्यावर आवाज नाय चढवला. दारात बसला आणि हर्षालीला म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, घाबरू नका, सोपं गणित आधी घ्या. तव्हा त्याचं तोंड बघितलं मी. डबा उघडला, तिकीट काढलं, म्हणलं, हे बघ, उंदरानं ओढलं वाटतं. हे अजून कुणाला सांगितलं नाय हो. त्यालाबी नाय. तुमच्यासमोर कसं निघालं तोंडातून!

केंद्रावर काय मजा झाली! गेटवरचा पोलीस म्हणतो, सर, स्टाफनं तिकडनं जायचं. यानं हॉलतिकीट दाखवलं, तर पोरी अशा हसल्या, अशा हसल्या, की सगळ्यांची भीतीच पळाली. निकालाच्या दिवशी अख्खं गाव शाळेत. नेटवर्क मिळेना, म्हणून रंगनाथ सर या वयात पाण्याच्या टाकीची शिडी चढले आणि वरून एकेक नाव ओरडायला लागले. एकोणीसच्या एकोणीस पास! हर्षालीला गणितात एक्याण्णव! आणि शेवटी वरून, "संघर्ष… एकाहत्तर!" बहिरू आप्पांनी टोपी काढून हवेत उडवली. मी म्हणलं, अरे, नऊ पोरांना तुझ्याहून जास्त पडले, लाज नाय वाटत? तर म्हणतो, आई, मास्तरला अजून काय पाहिजे असतं?

औंदा नवीन मॅडम आल्यात गणिताला. पण नववीची कच्ची पोरं त्यांनी याच्याकडंच दिलीत, आणि हा आता बारावीचा फॉर्म भरणार म्हणतो. तर असं हाय. तुमची पायल बीएस्सी, आमचा असा. तुम्ही हॉलतिकिटाचं ऐकलं, नापासाचं ऐकलं, सुपरवायझरचंबी ऐकलं. उठलात? बरोबर हाय. पोरीचा बाप हाय तुम्ही, मी राग धरणार नाय. पोहे तेवढे—

बरं, राहू द्या. स्टँड डाव्या हाताला, दहाची एसटी हाय.

अहो भाऊ, डाव्या हाताला! तो रस्ता शाळेचा… हां? असं म्हणता? मंग जा की, जा! पत्र्याचा वर्ग, पिंपळाच्या मागचा. शेवटच्या बाकावर बसा गुपचूप, अन् मध्ये बोलू नका — वर्ग चालू असताना बोललेलं त्याला खपत नाय.