अर्धी दाढी

हां, आता हलू नका. बोलूही नका, फेस तोंडात जाईल. आणि दाराकडे तर अजिबात बघू नका — धाकटा भाऊ त्याच्या सासऱ्यांना गाडीत बसवून द्यायला गेलाय, येईल तेव्हा येईल. मला काय कळत नाही होय, तुम्ही त्याच्यासाठीच पेपर चाळत बसला होतात ते? तेच पान उलटसुलट! अहो, त्याला वस्तरा धरायला शिकवला कोणी? मीच. फुग्याला साबण लावून, फुगा न फोडता दाढी करायची — किती फुगे फोडले पठ्ठ्यानं! आणि आता मला सांगतो, ‘दादा, तू आपला गल्ल्यावर बस.’ गल्ल्यावर! म्हणजे सुट्टे द्यायचे आणि या-बसा करायचं. दुकान मी उभं केलं, आणि आता मी शोभेची कुंडी!

मान वर. हं. हात थरथरतोय? छे हो. वस्तरा उजव्या हातात, दुखणं डाव्यात. डाव्याला काम काय, तर कातडी ताणून धरायची, बस्स. पण तेवढ्यालाच मनगटातून अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे काजवे. नस दबलीये म्हणे. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं नि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात — हत्ती मी पाहिला, ती मुंगी कुठे मेली कोण जाणे! शेक झाले, लेप झाले, पट्टा झाला, गोळ्यांनी पोटाची वाट लागली. मग इंजेक्शन. पहिल्यानं अख्खा उन्हाळा सुखात गेला. दुसरं महिनाभर टिकलं. तिसरं कुठे गेलं तेच कळलं नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत हो, माझा राग त्यांच्यावर नाही. विचारतात, ‘दहापैकी किती दुखतंय?’ आता दुखणं काय तराजूत घालायचं? मनात असायचं आठ, पण बिचारीचा चेहरा पडेल म्हणून म्हणायचो पाच. त्यांना वाटायचं गुण येतोय, की पुन्हा तेच इंजेक्शन. गाढव मीच!

या खेपेला मात्र खरं बोललो. आठ म्हणालो, नऊ म्हणालो, रडलोसुद्धा — धाकट्याला सांगू नका हं. तर म्हणाल्या, नर्व्ह ब्लॉक करून बघू. म्हणजे त्या नसेपाशीच औषध सोडायचं आणि तिला झोपवून टाकायचं. पडद्यावर सुई जाताना दिसते, मी बघितली. आणि काय सांगू, जादू! सकाळपासून दुखणं नावाला नाही. हो, आज सकाळपासून. का? — अहो बसा, बसा! अर्ध्या दाढीनं कुठे निघालात? संध्याकाळपर्यंत हात बधिर राहील, धारदार कशाजवळ नेऊ नका, असं म्हणाल्या खऱ्या, पण वस्तरा उजव्यात आहे ना! धाकट्यानंही बजावलं, आज वस्तऱ्याला हात लावायचा नाही. म्हणून तर लावला. तो आला की तुमच्या गालावरून त्याचा हात फिरवून घेणार आणि विचारणार, बोल आता, कोण बसतो गल्ल्यावर? — हा गळ्याजवळचा भाग नाजूक असतो. धरलंय मी नीट. धरलंय ना? बोटं तर दिसतायत, म्हणजे धरलं असणार.

झाली एक बाजू. बघा आरशात — अरे, हे लाल कुठून? कापलं? थांबा, पुसतो. गालाला नाही… कानाजवळ नाही… गळ्यालाही काही नाही. मग टॉवेलवर एवढं — काय? काय दाखवताय? माझं?

अंगठा. चांगला खोल गेलाय की. माझाच अंगठा, माझाच वस्तरा, आणि मला पत्ताच नाही. दुखू नये, दुखू नये म्हणून इतकी वर्षं देव पाण्यात घालून बसलो, आणि आता हा असा कापला गेलाय तरी — दुखत कसं नाही हो? जरा तरी दुखायला हवं होतं. बोटभर अंतरावर तुमचा गळा होता.

आलास? ये. काही नाही, लागलंय जरा. गिऱ्हाइकासमोर ओरडू नकोस. बांधतो मी फडकं. यांची उजवी बाजू राहिलीये, ती तू कर. हा घे वस्तरा. आधी पातं बदल.

मी बसतो तिकडे.

झाली? छान केलीये त्यानं. सुट्टे द्या हं, साहेब.