स्वराजचे तळहात

"हॅलो?… हॅलो, कोण?… हां, वर्षा, बोल गं… नाही, अजून जेवले नाही. गाईचा घास व्हायचाय… तू बोल ना."

सरावलीच्या चाळीतल्या खोलीत उषा कणीक मळत होती. फोन तिने कान आणि खांदा यांच्यात धरला. वर्षाराणी तिची धाकटी जाऊ, बेटेगावात राहणारी. दोघींचे नवरे, खंडेराव आणि मनीष, तारापूरच्या एमआयडीसीत कामाला. उषाची नऊ वर्षांची लेक ज्ञानेश्वरी, सगळ्यांची ज्ञानू, तापाने गेली, त्याला दोन महिने आणि चार दिवस झाले होते. तेव्हापासून वर्षाराणी फोनवर आधी पाण्याच्या टँकरचं, भाजीचं काहीतरी बोलायची, मग हळूच तब्येत विचारायची. आज तिने यातलं काहीच केलं नाही. ताई, तुम्ही एवढी व्रतं करता, पोराचा ताप उतरायला कोणतं करू, एवढंच तिने विचारलं.

"स्वराजला ताप? कधीपासून?… अगं, मग बोलली नाहीस… हो, हो… सोमवारपासून. म्हणजे चार दिवस झाले. डॉक्टर काय म्हणाले?… डेंग्यू नाही… मलेरियाही नाही… हं."

उषाचे हात कणकेत तसेच राहिले. ज्ञानूचेही हेच दोन रिपोर्ट आले होते. डेंग्यू नाही म्हटल्यावर खंडेरावांनी मारुतीपुढे नारळ फोडला होता, आणि त्या खोबऱ्याची चटणी तिने स्वतः वाटली होती.

"नाही, नारळ नको… उपासही नको, वर्षा. अगं ऐक ना… ऐक तर. झोपलाय का तो?… झोपू दे. खिडकीचा पडदा सार आणि त्याचे तळहात उघडून बघ… तळहात, हो… कशाला ते मग सांगते. जा, मी थांबते."

ती थांबली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी असंच केलं होतं. सहाव्या दिवशी त्यांनी ज्ञानूची मूठ उघडली होती, एकेक बोट सरळ करत, जणू पोरीने मुठीत काही लपवलं असावं.

"हां, बोल… ठिपके. लाल?… आणि तळपाय?… तिथेही… घामोळं नाही गं ते, घामोळं तळहाताला येत नाही… नाही, गोवरही नाही. कडुलिंबाचा पाला राहू दे. आता त्याच्या कानामागे बघ. मानेवर, केसांच्या कडेकडेने बोट फिरव… हळू… काही लागतंय?… केवढं?… काळं आहे का?… खपलीसारखं. बरं… बरं. खरवडू नकोस."

उषा भिंतीला टेकून खाली बसली. पलीकडून वर्षाराणी विचारत होती, तुम्हाला कसं माहीत. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग स्वतःच म्हणाली की मनीषची शिफ्ट चारला सुटते, तेव्हा दाखवू, रिपोर्ट तर चांगलेच आलेत.

"चारपर्यंत थांबू नकोस… मनीषभावोजींना नंतर कळव. रिक्षा बोलाव… रिपोर्ट चांगले आलेत म्हणूनच नको थांबू. वर्षा, ते गोचिडीचं आहे… गोचीड गं, गाईच्या अंगावरची. ती चावली की असा ताप येतो… कुठली गाय म्हणजे… मागच्या एकादशीला तुम्ही आला होतात ना. त्याला घास द्यायला मीच घेऊन गेले होते."

चाळीमागच्या मोकळ्या प्लॉटवर दूधवाल्याची एक तांबडी गाय बांधलेली असायची. तिला पहिली पोळी घातल्याशिवाय उषा पाणीसुद्धा घेत नसे. सोळा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. ज्ञानू तिच्याबरोबर जायची आणि गाईच्या कानातल्या गोचिडी बोटांनी वेचायची. गाय मान खाली घालून उभी राहायची. लेक सेवा करते म्हणून उषा शेजारणींना कौतुकाने सांगायची. नाक्यावरच्या डॉक्टरांनी हिंदीत विचारलं होतं, घरात जनावर आहे का, कुत्रा वगैरे. उषा स्वच्छ मनाने नाही म्हणाली होती. गाय घरची नव्हती, आणि तिला जनावर म्हणावं हे उषाच्या मनात कधी आलंच नसतं.

तिथवर तिची चूक भाबडी होती. पुढचं तसं नव्हतं. ते तिने खंडेरावांनाही सांगितलेलं नव्हतं.

"ज्ञानूचे रिपोर्टही असेच होते, वर्षा… तिलाही हेच झालं होतं… डेंग्यूसारखं काहीतरी, असं तुम्ही सगळे म्हणत होतात, मी म्हणू दिलं… मला सांगितलं होतं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी… हो. तेव्हाच. त्यांनी विचारलं, गोचीड चावली होती का. मी नाही म्हटलं… चावली होती. मीच काढली होती, तिच्या काखेतून. काढून चुलीत… गॅसवर टाकली. मला आठवत होतं, तरी नाही म्हटलं… त्यांनी दुसऱ्या दिवशी गोचिडीच्या तापाचंच औषध सुरू केलं गं, पण एक दिवस गेला होता मधला."

उषाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आहेस ना?… का म्हणजे… गाईपासून असं होतं हे मला मानायचंच नव्हतं. मानलं असतं तर तिला मीच रोज… म्हणून एकादशीला स्वराजचा हात धरून नेला. ज्ञानूच्या जागी एक घास त्याच्या हातून जाईल, असं वाटलं… हो. माहीत असून नेला… हो, वर्षा."

मग बराच वेळ उषा फक्त ऐकत राहिली. मधेमधे हो म्हणायची. एकदा म्हणाली, तेही खरं आहे. वर्षाराणी तिला आयुष्यात पहिल्यांदा अगं-तुगं करत होती, आणि उषाच्या बोटांवरची कणीक वाळून पांढरी होत चालली होती.

"बोल, आणखी बोल. पण चप्पल घालता घालता बोल… त्याला उचललंस?… पालघरला सरकारी दवाखान्यात ने. केसपेपर काढतानाच सांगायचं… काय सांगायचं ते पाठ कर. गोचीड चावली, चार दिवस ताप, तळहाताला आणि तळपायाला ठिपके… भिंतीवर सगळी डासांची चित्रं आहेत तिथे, गोचिडीचं एक नाही. विचारणाऱ्यालाही पटकन सुचत नाही. तू खपली दाखव. बघतो म्हणाले तरी उठू नकोस… हो, जनावर आहे का विचारलं तर हो म्हण. गाय म्हणूनच सांग… साधी गोळी असते त्याची, वर्षा. रिपोर्ट यायची वाट न बघता सुरू करा म्हणावं. वेळेवर मिळाली की मूल उठतं… उठतं गं. डॉक्टरच म्हणाले होते… आमच्याच वेळी. उशीर झाला म्हणताना."

रिक्षाचा आवाज तिला ऐकू आला.

"मी निघते लगेच, पालघरला पोहोचते… नको?… केसपेपरच्या रांगेत तरी उभी राहीन. तुझ्यासमोर येणार नाही… बरं. नाही येत… बरं."

वर्षाराणीने फोन ठेवला असं उषाला वाटलं; पण तो बंद करायचा राहून गेला होता. रिक्षाची घरघर येत होती. स्वराजने झोपेतल्या आवाजात विचारलं, कोणाचा फोन होता. कोणाचा नाही, असं वर्षाराणी त्याला म्हणाली. थोड्या वेळाने ती स्वतःशीच पुटपुटू लागली, परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी: गोचीड, चार दिवस, तळहात. गोचीड, चार दिवस, तळहात. दर वेळी तिथेच थांबत होती.

उषाने फोन तोंडाशी आणला.

"तळपाय राहिले, वर्षा… हॅलो?… तळपायालाही आहेत म्हणावं…"

बेटेगावचं रेल्वे फाटक ओलांडताना की कुठेतरी, फोन कट झाला.