जागच्या जागी

...अहो, घर आवरणं हा काय गुन्हा आहे? तुम्हाला सांगतो, आत्याला उजेड-सावलीपलीकडे दिसेनासं झाल्यापासून मी काय करायचं बाकी ठेवलं? तर बोलणी मलाच! यात माझं काय चुकलं, सांगा!

आत्याचा मुलगा, आमचा दादा, रविवारी यायचा होता. आई एकटी सुखरूप राहते असं दिसलं तर ठीक, नाहीतर बॅग भरून त्याच्याकडे! आणि आत्यापुढे घर सोडायचं नाव काढून बघा... म्हणून तिनं अंधांच्या केंद्रातल्या बाई बोलावल्या. बाई कशा? पट्टीसारख्या सरळ! "गॅसच्या बटणावर हा फुगीर टिकला, बोटाला वर लागला की समजायचं, गॅस बंद. दार पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद. आणि वस्तू? जागच्या जागी!"

मग शनिवारी रात्री, आत्या झोपल्यावर, माझ्याकडच्या किल्लीनं आत येऊन मी तेच केलं की! स्टूल खिडकीखाली शोभत नव्हतं, दाराशी आणलं. साखरेचा डबा गॅसशेजारी बरा दिसतो का? चढवला फळीवर! कपाटाला हवा लागावी म्हणून दार अर्धं उघडलं... कंबर मोडली हो! यात माझं काय चुकलं?

रविवारी उजाडताच दादा दारात! आत्या ताठ मानेनं म्हणाली, "बस दादा, चहा टाकते." चार पावलं... धाड! स्टूल. वळली... टण्ण! कपाट. साखरेला हात घातला, तर हाताला नुसती हवा! दादा उठलाच. "आई, बॅग भर." आत्या ओट्याला धरून उभी... मी धावलो सावरायला, आणि त्याच स्टुलावरून पालथा! दोन डोळे शाबूत असताना!

आत्यानं कान टवकारले. "कोण पडलं? तू? काल घर आवरलंस का रे?"

"थोडंसंच..."

झालं! ती सांगत गेली, "स्टूल खिडकीखाली. डबा गॅसच्या उजवीकडे, वीतभर सोडून." दादा ठेवत गेला. मग तिनं चहा केला, थेंब सांडेल तर शपथ! दादा दोन घोट घेऊन म्हणाला, "राहा आई, इथेच राहा. धोका तेवढा काढू घरातून."

मला वाटलं, स्टूल!

किल्ली काढून घेतली हो माझी! आता बेल वाजवतो, आत जातो, हात खिशात घालून बसतो. चहासाठी हात काढावा, तर आत्या ओरडते, "थांब! मी सांगेन तेव्हा. आणि एकच काढ!"