वरचं सभागृह बाजेवर बसलं

दिल्लीत वरचं सभागृह कशाला हवं, हे आमच्या सौंदडला माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात समजलं.

सत्तेचाळीसचा उन्हाळा होता. दिल्लीत राज्यघटनेचं काम चालू होतं. वऱ्हाडाला आलेले गोंदियाचे एक वकीलसाहेब बाबांना सांगत होते, की आता दोन सभागृहं होतील. खालचं निर्णय घेईल आणि वरचं त्यावर पुन्हा विचार करील.

बाबा म्हणाले, "एकदा ठरलं ना? मंग पुन्हा विचार कायले?"

तेवढ्यात बैलबंड्या जुंपून झाल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि कळलं की मोठे जवाई, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, बाजेवर पाठ फिरवून बसलेत. निघायचं का, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आमच्यात जवायाला विचारल्याशिवाय वऱ्हाड हलत नाही.

बाबांनी हात जोडले. "जवाईबापू, मुहूर्त टळून राहिला."

जवायांनी पायही बाजेवर घेतले. सगळं गाव त्यांना मनवत होतं, तोच बोडीकडून, म्हणजे गावच्या तळ्याकडून, बाशिंग बांधलेला एक माणूस हातात लोटा घेऊन धावत आला. तो नवरदेव होता. पुढच्या बंडीला वाटलं तो मागच्या बंडीत आहे, मागचीला वाटलं पुढचीत.

वकीलसाहेब खुलले. "पाहा, वरचं सभागृह यासाठीच. खालचं घाईत जे विसरतं, ते इथं सापडतं."

बाबांना पटलं. "चाला मंग, नवरदेव आला."

जवाई बाजेवरून हलले नाहीत. "आला थे बराबर हाय. पण मले अजून कोणी विचारलं काय?"