टाळूचा वास

ऐका. आन् ए नामा, तोंडातली तंबाखू थुकून ये आधी. ही नाकाची गोष्ट हाय, आन् तुझं नाक कवाच मेलंय.

तर ऐका. माझा बा, म्हाकू, दिवस बुडाल्यावर मेंढरांच्या तळावरनं निघाला. एकटा. म्हंजे अगदी एकटा न्हाई. म्होरं भुऱ्या कुत्रं, आन् घोंगड्यात गुंडाळलेली मी. चार दिसांची! हसू नगा रं. मला कुठलं आठवतंय, बानं सांगितलं तसं सांगते. बा खोटं बोलायचा तो फक्त लोकर विकताना.

रातीचाच का निघाला? तर माझी आय, केरा, मला जन्म देऊन तिसऱ्या दिशी तापानं गेली. शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं, ते म्या वकून टाकलं. माझी आत्ती, म्हंजे बाची भन, पल्याडच्या माळावर व्हती. तिचं पोर अंगावर पीत व्हतं. सकाळपतुर बा थांबला असता तर आज तुमाला शिव्या घालाया मी हितं नसते. म्हणून निघाला.

जवळची वाट बाभूळओढ्यातनं. तळावरची म्हातारी माणसं म्हणाली, म्हाकू, ज्याच्या घरची बाळंतीण गेली त्यानं त्या वाटेनं जाऊ नये. ह्यो गेला.

ओढ्यात उतरला. मागं जोडव्यांचा आवाज! टिक... टिक... बा थांबला की आवाज थांबायचा. बा चालला की चालायचा. बानं मागं बघितलं न्हाई. बघायचं नसतं, ठाऊक हाय न्हवं? म्होरं एक वाकडी बाभळ लागली. चालला, चालला, चालला... आन् पुन्ना तीच बाभळ! आणिक चालला. पुन्ना तीच! चकवा लागला की वो! घाम फुटला त्याला. आन् तेवढ्यात हाक आली, "आवं, थांबा की. पोर भुकेली हाय."

आयचाच आवाज. बा मनात म्हणाला, आवाजाचं काय, भुतं आवाज चोरत्यात. मग बाभळीखाली ती बसलेली दिसली. तेच लुगडं, तसाच डोईवर पदर. बा म्हणाला, रूपबी चोरत्यात. मग वारा सुटला आन् वास आला. ओव्याच्या धुरीचा, हळदीचा, दुधाचा. आन् त्या सगळ्यांच्या खाली आयचा सोताचा वास, ज्याला नाव नसतं तो. बा एक पाऊल तिकडं सरकला. तरी म्हणाला, माणसाचं नाक येडं असतं, ज्याची सय येती त्याचाच वास घेतं.

म्हणून त्यानं भुऱ्याकडं बघितलं. कुत्र्याचं नाक सय-बिय जाणत न्हाई. समोर हाय तेवढंच सांगतं. भूत दिसलं की कुत्रं इवळतं, शेपूट पायात घालतं. आन् भुऱ्यानं काय केलं? शेपूट हालवत गेला आन् तिच्या पायावर डोस्कं ठेवून पडला.

ती खरीच माझी आय व्हती, रं.

थांबा, ते लाकूड शेकोटीत सरकवा जरा. हां.

"द्या हिकडं, पाजते," आय म्हणाली. बा मला सांगायचा, ठके, त्या घडीला वाटलं, द्यावी तुला, आन् आपणबी तिथंच बसावं. पण मेलेल्या बाईचं दूध पिलेलं लेकरू सकाळ बघत न्हाई. हे आयला ठाऊक नव्हतं. आपण मेलोय, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"न्हाई देत, केरा."

"माझी हाय ती!" आय उठली. आन् हात लांब झाले तिचे. लांब, लांब, पार घोंगड्यापतुर आले! मी रडाया लागले, तशी तिची चोळी भिजली. आन् म्याबी तोंड तिकडंच वळवलं. चार दिसांच्या पोरीला काय कळतं, म्हणता? तिला तेवढंच कळतं.

मग बाला मेंढ्या आठवल्या. तुमी रोजच बघता की. सांजंला कोकरं सोडली, की शंभर मेंढ्या, शंभर कोकरं, सगळी एका तोंडाची. मेंढी शेपटीपाशी हुंगती आन् आपलं तेवढं पाजती. पण कोकराला दुसराच वास लागला, तर सख्खी आय ढुशी मारून लोटती. म्हणून तर मी ओरडत असते, ओल्या कोकराला हात लावू नगा.

बाच्या कनवटीला बाटली व्हती. मेंढरांच्या जखमेला लावतो ते करंजाचं तेल. काय तो वास! माशीसुदिक बसत न्हाई. बानं सगळी बाटली माझ्यावर वतली. टाळूपासनं तळपायापतुर चोळली. रडत व्हता आन् चोळत व्हता.

आय वाकली. माझी टाळू हुंगली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. भुऱ्यानं हुंगलं, तो शिंकला.

"ही माझी न्हाई," आय म्हणाली. "माझीच्या टाळूला दुधाचा वास येतो." हात मागं घेतले तिनं. आन् बाला म्हणाली, "कुणाची पोर उचलून आणलीसा? भुकेली हाय ती. तिच्या आयकडं न्या लवकर."

आन् पदर सावरून ओढ्यानं वर गेली. बाळाला हाका मारत गेली.

बा पळाला! बाभळ पुन्ना आडवी आली न्हाई. उजाडायच्या आत आत्तीच्या तळावर पोचला. आत्तीनं नाक दाबून मला तीन पाण्यानं धुतलं आन् पदराखाली घेतलं.

म्हणून सांगते, बाभूळओढ्याच्या वाटेनं जाऊ नगा. तान्हं घेऊन तर अजाबात न्हाई. ती अजून हुडकती. दिसंल ते लेकरू हुंगून बघती. मी सत्तर वर्सं ती वाट तुडवली न्हाई, दोन कोस येढा घालून माळावर गेले. भ्याले म्हणून न्हवं. तिनं ओळखलं असतं, तर मी माघारी आले नसते, आन् माझी लेकरं हितं व्हती.

आता लेकरं मोठी झाली. तवा नामा, ध्यानात ठेव. मी मेले की मला त्याच वाटेनं न्या. निस्त्या पाण्यानं धुवा. टाळूला तेल लावू नगा.